कुणाच्या हातच्या बरण्या

६ फेब्रुवारी

टोमॅटो एकदम आले. मागच्या दारी पाय ठेवायला जागा नाही. भाऊजींनी टोपल्या ओतल्या आणि वर म्हणे, "वहिनी, आज होऊन जाईल ना?" होऊन जाईल! जसे काही टोमॅटो आपण होऊन उड्या मारत बरणीत जाऊन बसतात.

धाकटी जाऊ सोलायला बसली. जेमतेम एक टोपली झाली आणि तिचं बाळ रडलं. ते बाळ बरोब्बर वेळेवर रडतं. शिकवलंय की काय कुणास ठाऊक. मग मी, पातेलं आणि वाफ.

बरण्या गार होताना झाकणं आत ओढली जातात आणि टक् असा आवाज येतो. एक टक् म्हणजे एक बरणी वर्षभरासाठी पक्की. तो ऐकायला मी मुद्दाम स्वयंपाकघरात बसून राहते. या घरात मला 'छान झालं' असं दुसरं कुणी म्हणत नाही. सगळ्या लागल्या. पुसून कोठीत नेऊन ठेवल्या आणि कंबर धरून बसले.

८ फेब्रुवारी

अंगणात पडल्यापासून सासूबाईंना काम बंद. दोन्ही मुलांनी ठरवून टाकलं — "आई, तू आता फक्त बसायचं." त्या बसतात. खुर्ची मात्र माझ्याच समोर. "मीठ आत्ताच घातलंस?" "इतकं गच्च लावतात का झाकण?" त्यांच्या वेळी मोठी मातीची भांडी असायची, वर फडकं बांधायचं आणि रोज सोडून ढवळायचं. मी सांगून सांगून थकले की आई, या बरण्यांचं तसं नसतं. एकदा बंद केली की खायच्या दिवशीच उघडायची. ऐकतात, मान हलवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आज मात्र स्वतःहून म्हणाल्या, हंगाम संपला की कोठीची किल्ली सुनेच्या हातात देणार. कुणाच्या ते बोलल्या नाहीत. आता त्यात बोलायचं काय? लग्न होऊन आल्यापासून ती कोठी मी भरतेय. पण माझ्या आईला एक बरणी पाठवायची तर विचारावं लागतं. विचारलं की त्या छताकडे बघतात, मग म्हणतात, "पाठव, पण लहानातली." किल्ली आली की मोठ्यातली पाठवणार. पहिलं काम ते.

११ फेब्रुवारी

मटार. नखं हिरवी झाली. आज एवढंच.

१५ फेब्रुवारी

टोमॅटो आणायला कोठीत गेले तर काही झाकणं वर आलेली. मधला भाग फुगून. उघडलं — आंबूस वास! माझ्या बरण्या. माझ्या! इतक्या वर्षांत एखाददुसरी गेली असेल, पण अशी ओळीने कधी नाही. खताच्या खड्ड्यात नेऊन ओतल्या. कोंबड्यांनीसुद्धा तोंड लावलं नाही.

जेवताना सांगितलं. हे म्हणाले, "पाणी कमी उकळलं असेल." उंटावरचे शहाणे. जन्मात कधी चहाचं पाणी ठेवलं नाही.

सासूबाईंनी ताटातून मान वर केली. नुसतं बघितलं. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१९ फेब्रुवारी

झाकणांची सगळी रबरं नवी आणली. बरण्या दोनदा धुतल्या, उकळल्या, उन्हात पालथ्या घातल्या. गाजरं नेहमीपेक्षा जास्त वेळ कुकरमध्ये ठेवली. मधेच गाय अडली, तिकडे धावले, गड्यांचं जेवण वाढलं, लेकीचा गणवेश इस्त्री केला, परत कुकरपाशी. माझे नाकी नऊ आले आणि धाकटी बाळाला तेल लावत उन्हात बसली होती.

झाकणं सगळी लागली. मी प्रत्येकीवर बोट दाबून बघितलं. प्रत्येकीवर.

२२ फेब्रुवारी

मटार गेले. वर फेस, पाणी गढूळ. गेल्या उन्हाळ्यातल्या आलुबुखाराच्या जॅमवर बुरशी. त्या दिवशीची गाजरं, नव्या रबराची — त्यातलीही दोन झाकणं वर.

जॅमच्या एका बरणीत वरून चमचाभर कमी आहे असं वाटलं. म्हणजे धाकटी! चोरून बाळाला चाटवत असणार. तळपायाची आग मस्तकात गेली. पण मग गाजरांचं काय? दात न फुटलेलं पोर मिठाच्या पाण्यातली गाजरं खाईल होय?

डोकं चालत नाही. माझ्या हातातच काही आलंय का? आज हात तीनदा साबणाने धुतले आणि वेड्यासारखे हुंगून बघितले.

२५ फेब्रुवारी

झालं. गेली किल्ली.

दुपारी सगळे जेवत होते, गडी बाहेर ओट्यावर बसलेले, दार उघडं. सासूबाईंनी ताट सारलं आणि म्हणाल्या, "मोठीच्या हाताला हल्ली यश नाही. आता धाकटीला बघू दे." आणि किल्ली काढून धाकटीच्या ताटाशेजारी ठेवली. धाकटीचा घास तोंडातच. माझ्या हातात डाव होता, मी वाढत होते. बाहेरचं बोलणं एकदम थांबलं — म्हणजे त्यांनीही ऐकलं.

हे पुढ्यातलं संपवत होते. नंतर खोलीत म्हणाले, "बरंच झालं की. तुझ्यामागचं काम कमी झालं." काम कमी झालं! काम तेवढंच राहिलं, किल्ली तेवढी गेली. मी पाठ फिरवून अंथरूण घातलं. बोलले असते तर थांबले नसते.

२७ फेब्रुवारी

भाऊजी माझ्या माहेरच्या बाजूला जाणार होते. धाकटीला म्हटलं, माझ्या आईसाठी एक बरणी दे. म्हणाली, "हो ना ताई, फक्त आईंना विचारते हं." परवापर्यंत कोठीत कुठली फळी कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, राहू दे.

२ मार्च

आज जे बघितलं ते आधी लिहून ठेवते.

दुपारी सगळे शेतावर, धाकटी बाळाला घेऊन झोपलेली. सासूबाईंना चहा द्यायला गेले तर खोलीत नाहीत. पलंगामागे कोठीत उघडणारं एक लहान दार आहे. त्याची कडी त्यांच्याच बाजूने. आम्ही सगळे ते विसरूनच गेलो होतो. ते अर्धं उघडं होतं. वाकून बघितलं. सासूबाई स्टुलावर बसलेल्या, मांडीवर बरणी, हातात चमचा. झाकण फिरवून काढलं, वास घेतला, चमचाभर तोंडात घातलं, झाकण परत दाबून गच्च लावलं. बरणी फळीवर. पुढची बरणी.

मी तशीच उभी. कपबशी वाजली तेव्हा त्यांनी वर बघितलं. दचकल्या नाहीत, उलट हसल्या. "ये गं. बंद करून ठेवलं की कोंदतं सगळं. जरा हवा लागू द्यावी. मी रोज चाखते. कुठली उतरायला लागली ते मला लगेच कळतं. तुझ्या तर एकेक करून सगळ्याच उतरल्या बघ."

तुमच्यामुळे उतरल्या! हे ओठांवर आलं होतं. अगदी ओठांवर.

मग त्यांनी माझा हात धरला. त्यांनी माझा हात शेवटचा कधी धरला होता मला आठवत नाही. म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस. ही पोरं मला काही करू देत नाहीत. दिवसभर नुसतं बसून जीव जातो गं." मी हो म्हटलं. चहा ठेवला आणि निघून आले.

गोठ्यामागे जाऊन रडले. माझ्या हाताला काही झालेलं नाही. माझ्या हाताला काहीही झालेलं नाही.

३ मार्च

सकाळी सगळ्यांसमोर सांगायचं असं ठरवूनच उठले होते. ह्यांना, भाऊजींना, गड्यांनाही बोलावून. माझं नाव त्यांच्यासमोर गेलं होतं ना? मग त्यांच्यासमोरच परत यायला हवं.

स्वयंपाकघरात गेले तर धाकटी किल्ली बोटात फिरवत उभी. गाणं गुणगुणत होती. म्हणाली, "ताई, आज माझे टोमॅटो. तुम्ही फक्त सोलून द्या."

सोलून दिले. तोंडात मिठाची गुळणी धरली आणि सोलून दिले. मी शब्द दिलाय म्हातारीला. शब्द पाळतेय. माझं काय चुकलं?

७ मार्च

धाकटीची झाकणं वर आली!

देवा, काय बरं वाटलं म्हणून सांगू. तिनं बरणी माझ्यापुढे धरली, तोंड एवढंसं झालेलं. मी म्हटलं, "पाणी कमी उकळलं असेल."

१० मार्च

तिचा घेवडाही गेला. भाऊजी तिच्यावर खेकसले. हे म्हणाले, "दोघींनाही जमेना म्हणजे कमाल आहे." सासूबाई म्हणाल्या, आताच्या मुलींच्या हातात काही उरलं नाही.

मी आणि लेक कोठीतलं काही खात नाही. घरासाठीही ताजंच शिजवते, कुणी विचारलंच तर म्हणते, मळ्यात एवढं पडलंय, ते आधी संपू दे. सासूबाई रोज दुपारी दार लावून घेतात. ऐकू येतं. चमचाभर तर चाखतात. चमचाभराने काय होतंय? आणि आयुष्यभर असलंच खाऊन इतक्या वर्षांच्या झाल्यात.

१३ मार्च

धाकटी आज माझ्याकडे आली. किल्ली माझ्यापुढे ओट्यावर ठेवली. "ताई, मला नको ही. तुम्ही घ्या. पण काय चुकतंय तेवढं सांगा ना. दोन दिवस झाले, हे माझ्याशी बोलत नाहीत. मला झोप येत नाही." डोळे सुजलेले. हात भाजलेला होता, वाफेने. त्यावर काही लावलंही नव्हतं.

मी मलम लावलं. मलम लावताना वाटलं सांगून टाकावं. खरंच वाटलं. मग तो डाव आठवला, माझ्या हातातला. बाहेरचे गडी आठवले. तेव्हा ही माझ्यासाठी एक अक्षर बोलली होती का?

म्हटलं, "किल्ली तुला दिलीय त्यांनी. मला कशी घेता येईल? हात बसायला वेळ लागतो, बसेल." ती किल्ली उचलून गेली. रविवारी सांगेन. रविवारी सगळे घरी असतात.

१५ मार्च

सासूबाई जेवल्या नाहीत. तोंडाला चव नाही म्हणाल्या. पेज केली, तीही उलटली. उन्हाने असेल. दुपारी दाराचा आवाज आला नाही.

१६ मार्च

सकाळी सासूबाईंना उठवेना. डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड, उलट्या थांबत नव्हत्या. डॉक्टर घरी आले. सगळ्यांना पलंगाभोवती उभं करून विचारलं, "दोन-चार दिवसांत यांनी वेगळं काय खाल्लंय? नीट आठवा, त्यावर औषध ठरेल." हे म्हणाले, घरातलंच. भाऊजी म्हणाले, आम्ही खातो तेच. मी म्हणाले, "कोठीतलं. उघडून परत लावलेल्या बरण्यांतलं. रोज दुपारी चाखतात." डॉक्टरांनी लगेच गाडी मागवली. हे आणि भाऊजी त्यांना उचलून घेऊन गेले.

धाकटी दारात उभी होती, बाळ कडेवर. म्हणाली, "रोज? ताई, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"