विडी त्यांची, डाग माझ्या फुप्फुसावर

१२ जानेवारी, डिचोली
ह्यांची छाती दाखवायला गेलो होतो. उभा जन्म खाणीच्या ट्रकावर गेला, तोंडात विडी. डॉक्टरांसमोर खोकले मी. म्हणाले, तुमचाही एक्सरे काढूया.
ह्यांचा साफ. माझ्या उजव्या बाजूला पांढरा डाग, खाली पाणी.
हे डॉक्टरांना परत परत तेच, "प्लेटी बदलल्यो आसतल्यो. परत पळयात." नीट बघा म्हणे, अदलाबदल झालीय.

२१ जानेवारी
बांबोळीचं मोठं हॉस्पिटल. स्कॅन झाला, पाणी काढलं. आज पाठीतून सुई घालून गाठीचा तुकडा घेतला. श्वास धरा, सोडा. दुखलं त्यापेक्षा भ्यायले जास्त.

३ फेब्रुवारी
कॅन्सर. फुप्फुसाचाच. पेशी भोवतालच्या पाण्यातही सापडल्या, म्हणून चौथा टप्पा. ऑपरेशनचा उपयोग नाही. तुकडा पुढच्या तपासणीला पाठवलाय. पेशींत ठरावीक बदल सापडला तर नुसत्या गोळीवर भागेल, नाहीतर सलाईनमधून औषध.
म्हटलं, मी तर कधी ओढली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "न ओढणाऱ्यांनाही होतो. बायकांना बराच दिसतो."
ह्यांनी खाली बघत विचारलं, माझ्या धुरानं?
"दुसऱ्याच्या धुरानं धोका वाढतो. पण तुमच्या पत्नीला त्यामुळेच झाला, असं कुणी सांगू शकणार नाही."
ह्यांनी पहिलंच वाक्य ऐकलं. बहुतेक मीही.

१० फेब्रु.
विड्या बंद. सगळी बंडलं चुरगाळून परसात पुरली. आता हे माझ्यामागे. फोडणी द्यायची नाही. उदबत्ती नाही. ट्रकांची लाल धूळ येते म्हणून खिडक्याही बंद. न्हाणीत गेले तरी दाराबाहेर उभे, "बरी आसा मगे?"
शेजारीण आलेली. निघताना हळू म्हणाली, ओढता तो, भोगता ही. हे दारातच होते. जेवायला आले नाहीत.

२४ फेब्रु.
बदल सापडला! रोज एक गोळी. लेक शमा धारगळहून आली होती, माझ्या गळ्यात पडून रडली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही गोळी बरं करत नाही, आवरून धरते. किती काळ, ते प्रत्येकीचं वेगळं."
आवरून धरते. इथे सगळे तेच करतायत.

९ मार्च
तोंडभर पुरळ, पोट बिघडलेलं. पण खोकला कमी. भावाचा कोरगावहून फोन, काजू पडायला लागलेत, चार दिवस ये. जीव धावला.
हे : "ना. थंय फेणीची भट्टी आसता. धूर."
शमाला फोन केला. तीही, आई, बाबांचं ऐक ना.
माझं कोण ऐकणार?

१९ मार्च
आज ओरडले. तुमची शिक्षा मी भोगतेय, आजाराची वेगळी आणि ही वेगळी!
हे खाटेवर बसले. "माका जाल्लें जाल्यार बरें जाल्लें गो." मलाच व्हायला हवं होतं म्हणत लहान पोरासारखे रडले.
तुमच्यामुळे नाही झालं, एवढं म्हणायचं होतं. पाठीवर हात ठेवला. उगाच दिलासा म्हणून बोलू? आणि मनातून खरंच तसं वाटतं का मला? कधी वाटतं. कधी रात्री ह्यांचा साफ एक्सरे आठवतो आणि…
नको.

२२ मे
स्कॅनचा निकाल. गाठ बरीच आक्रसली, पाणी जवळपास नाही. बाई हसल्या. गोळी चालू, परत स्कॅन, मग परत. हिंडाफिरायला, स्वयंपाकाला हरकत नाही, हे ह्यांच्याकडे बघून सांगितलं.
परतताना म्हापशात ह्यांनी गाडी कडेला घेतली. वाटलं चहा. हात स्टिअरिंगवरच.
"सांग गो. माझ्या विडयेन जालां?"
आजचा दिवस चांगला होता. नाही म्हणणं सोपं होतं.
"माका खबर ना," म्हटलं. खरंच ठाऊक नाही मला.
ह्यांनी मान हलवली. बराच वेळ गाडी सुरू केली नाही. मीही चला म्हटलं नाही.