डेअरीच्या पाटीवरचं नाव

मामंजी, डेअरीच्या नव्या इमारतीला तुमचं नाव द्यायचा ठराव आला होता, तो मी पाडला. आधी तेच सांगते, मग बाकीचं. सून म्हणते, आई, एवढं हसू नका, कवळी पडंल.

डेअरी तुम्हीच उभी केली, हे मी नाकारत नाही. फाट्यावरचा व्यापारी मापात मारायचा, म्हणून तुम्ही घरोघर फिरून माणसं जमवली. ‘ज्याचं दूध, त्याची डेअरी,’ हे तुमचं भाषण मला अजून पाठ आहे. माझी शाळा दोन यत्ता, पण पाठांतर चांगलं. आणि आपल्या तांबड्या गाईला माझ्याशिवाय कोणाचा हात चालायचा नाही, तुमच्या धोतराला तर तिनं एकदा... जाऊ द्या. तर वार्षिक सभा आपल्याच ओसरीवर, तुम्ही चेअरमन. ठराव वाचून व्हायच्या आत सगळे ‘मंजूर, मंजूर’ ओरडतात, कारण भजी गार होत असतात. एका वर्षीचा ठराव असा, की सभासद फक्त घरातला कर्ता पुरुष. मी चहाचं पातेलं घेऊन दारात. तोंडातून निघून गेलं, ‘नामंजूर!’ तुम्ही मानसुद्धा वळवली नाही. ‘बघा राव, आता गाई पण मत मागत्यात. दावं आवळा जरा.’ सगळी ओसरी हसली. माझे मालकही हसले. मी तशीच चहा वाटत फिरले.

परवाच्या सभेला आम्ही बायाच जास्त. कायदा बदलला, तुम्ही गेलात, दोन्ही बरंच झालं. सेक्रेटरीनं तुमच्या नावाचा ठराव वाचला, बायांनी ‘मंजूर’साठी तोंडं उघडली, तेवढ्यात मी म्हणाले, ‘नामंजूर.’ सेक्रेटरी चाचरला, ‘आजी, सख्खा सासरा व्हता तुमचा.’ म्हटलं, ‘म्हनून तर, भाऊ. तू कुठं नांदलास त्यांच्या घरात?’ विरोधात हात वर झाले, ठराव पडला. पाटीवर आता नुसतं ‘दूध संस्था’. ऑफिसातला तुमचा फोटोही मी घरी आणला. गोठ्यात लावलाय, गाईंकडं तोंड करून.

हा कागद पाठवायचा कुठं? त्या फोटोमागंच खोचते. एक मात्र तुम्हालाच सांगण्यासारखं आहे. ज्या बायांनी हात वर केले, त्यातल्या कितीकींना तुमचा काहीच राग नव्हता. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग हात वर केला. आता चेअरमन मी आहे ना. कारण विचारायची एकीची छाती झाली नाही. तुम्हाला हे दर सभेला मिळायचं, नाही का? लई गोड लागतं हो, मामंजी.