सदतीस तुकडे आणि एक गाठोडं

इब्रामपूर, शनिवार

ती. कमलाक्षीअक्कास धाकट्या शंभूचा नमस्कार. भावोजींचा गुडघा आता मुरगावच्या घराचे जिने चढू देतो का? माझी प्रकृती ठणठणीत आहे. ती तशी आहे का, हे विचारायला मात्र इकडे कोणी नाही. फोन केला की तू भाजी परतता परतता "हां, हां" करतेस, म्हणून लिहायला बसलो.

तुला माझं काम कळत नाही (आईला तर शेवटपर्यंत वाटायचं, मी घरी बसून बसची तिकिटं फाडतो), म्हणून आधी ते सांगतो. बसच्या तिकिटांच्या प्रोग्राममध्ये मी जो बदल करतो, तो दुसऱ्याने वाचून पास करायचा असतो. माझा बदल वाचतो आमोण्याचा गुरुदास. (तासाभराच्या वाटेवर राहतो, पण अजून तोंड पाहिलेलं नाही.) बदल लहान तुकड्यांत द्यायचा, एका तुकड्यात एकच गोष्ट, आणि काय केलं ते वर एका ओळीत. अशा तुकड्याला आमच्यात कमिट म्हणतात. मी जातीचा आळशी. तीन आठवड्यांचं काम, म्हणजे भाडं, सीटा, तिकीट रद्द करणं, जुनी नावं बदलणं, सगळं एकाच गाठोड्यात बांधून पाठवलं. तीन हजार ओळी! गुरुदासाने दोन मिनिटांत "बरें आसा" म्हणून पास केलं. अक्का, मधोमध मी एक ओळ घातली होती, कॉम्प्युटर वगळतो पण माणसाने वाचायची असते तशी: 'आई गेल्यापासून पाववाला पोदेर सोडून कुणाशी धड बोललो नाही.' तीही पास झाली.

सीटांमधली एक चूकही तशीच पास झाली होती. तिसऱ्या दिवशी म्हापशाच्या एक बाई चक्क ड्रायव्हरच्या सीटचं तिकीट घेऊन हजर! खिडकी मागितली होती, खिडकी मिळाली, म्हणून उठायलाच तयार नाहीत. "पैशे भरल्यात हांवें, तूंच उबो राव," असं त्यांनी ड्रायव्हरलाच सुनावलं.

साहेबांनी माझी खरडपट्टी काढली आणि मी हट्टाने त्याच कामाचे सदतीस तुकडे केले. एक तर नुसता स्वल्पविराम काढल्याचा. पाचव्यात सीटांचा जुना नकाशा काढून टाकला आणि नवा घातला नवव्यात. म्हणजे मधल्या वेळात बसला सीटच नाही. "अरे, दरेक तुकडो आपल्या पांयांर उबो रावंक जाय," गुरुदासाने लिहिलं, म्हणजे तेवढा एकच तुकडा लावला तरी बस चालली पाहिजे. पण अक्का, सदतीस तुकड्यांना सदतीस उत्तरं आली! एकात तर "जेवलो रे?" अशी माझ्या जेवणाची चौकशीही होती. दोन दिवस घरात माणूस वावरतंय असं वाटलं.

आता शहाणा झालो आहे. नावं बदलणं वेगळं, चूक सुधारणं वेगळं, नवं काम वेगळं. काल तीन तुकडे दिले, तीन उत्तरं आली, आणि अकरालाच सगळं आटोपलं. मग संध्याकाळी पोदेराचा भोंगा वाजेपर्यंत घर गप्प होतं. फार एकटं वाटतं गं.

भावोजींना नमस्कार.
तुझा शंभू

ता. क. चतुर्थीनंतरच्या आठ पानी पत्रात मधेच लिहिलं होतं, आईची खोली उघडायला हात धजत नाही. तुझं उत्तर आलं, "पत्र पावलं. सोलां पाठव." आमसुलं पाठवली. तुझा दोष नाही, गाठोडंच मोठं होतं.

दुसरा ता. क. म्हणून एवढी एकच गोष्ट वेगळी काढून लिहितो: दोन दिवस ये. ती खोली आपण दोघं मिळून उघडू. आणि हे वाचून "बरें आसा" म्हणू नकोस, कुठली बस धरतेस ते कळव.