एक्सचं पान

१९ फेब्रुवारी, दुपारचे तीन

प्रिय दादा,

तुम्ही सगळे बरे असाल. इकडचं विचारू नकोस, म्हणजे विचार, पण फोनवर नको. फोनवर तू भराभर प्रश्न टाकतोस आणि मी भराभर खोटं बोलते. म्हणून कागद घेतला. दवाखान्याच्या कँटीनमध्ये बसलेय, टेबल डुगडुगतंय, अक्षर गोड मानून घे.

बाबांचा ताप उतरत नाही. दोन्ही फुप्फुसांत संसर्ग पसरलाय. डॉक्टर आता "बघू"सुद्धा म्हणत नाहीत.

तुला बाबांचं एक्सचं पान आठवतं? तीस वर्षं इंग्रजी शब्दकोशाची प्रुफं तपासली माणसाने, पण सगळा जीव एक्स अक्षराच्या त्या एका पानावर, लिहायचे एक्सने आणि म्हणायचे झ, अशा शब्दांवर. जेवताना विचारायचे, झीबेक म्हणजे? तीन डोलकाठ्यांचं गलबत. झिस्ट? व्यायामासाठीचा लांब, झाकलेला ओटा. झीनियल? पाहुण्याला जीव लावणारा. तू वैतागायचास, "बाबा, हे शब्द आयुष्यात बोलणार कोण?"

बोलले की. पक्षाघातानंतर त्यांचं "पाणी" गेलं, मला मारायची हाक "ठमे" गेली, स्वतःचं नावही गेलं, आणि हे पान तेवढं उरलं. स्पीच थेरपिस्ट बाईंनी मला स्पष्ट बजावलं होतं, "हे नुसते पाठ झालेले आवाज आहेत. त्यांत अर्थ शोधू नका." मला असा राग आला! स्वतःला समजतात कोण? बाबा "झिस्ट" म्हणाले की मी त्यांना गॅलरीत चालवायचे आणि ते शांत व्हायचे. एकदा शेजारचे काका दारात उभे, तर बाबा म्हणाले, "झीनियल." मी मावशींना म्हटलं, बघा, सगळं कळतंय यांना. कितीतरी महिन्यांनी घरात कुणी हसलं होतं रे.

मावशी म्हणजे बाबांना सांभाळणाऱ्या. तू ज्यांना काढायला लावलंस, त्या.

त्या मंगळवारी मावशी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. बाबा म्हणाले, "झीरिक." मग पुन्हा, माझा हात धरून, "झीरिक." म्हणजे कोरडं, पाण्यावाचून तगणारं. ओठ खरंच सुकले होते त्यांचे. घट्ट करायची पावडर घातल्याशिवाय पाण्याचा थेंब द्यायचा नाही, श्वासनलिकेत जाईल, हे फ्रिजवर मीच लिहून चिकटवलंय. पण वर्षभर तो बुळबुळीत घोळ गिळणारा माणूस साधं पाणी मागतोय, तेही इतक्या नेमक्या शब्दात! मला भरून आलं. मी पेला भरला, दादा. काठोकाठ. ते घटाघटा प्यायले आणि मग खोकला सुटला तो थांबेचना.

मावशी धावत वर आल्या. मी त्यांच्या हातात पेला कोंबला आणि बाबांना सावरलं. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले, ओरडले, "पातळ पाणी दिलं कुणी?" पेला मावशींच्या हातात होता. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मी काही बोलले नाही. तू फोनवर त्यांच्या एजन्सीवाल्यांवर आग पाखडलीस, तेव्हाही नाही बोलले.

आणि पाणी तरी मागितलं होतं का त्यांनी? इथे सलाइन चालू असताना ते झीरिक म्हणतात. नर्सला म्हणतात, दिव्याला म्हणतात, काल डॉक्टरांच्या बुटांकडे बघून म्हणाले. थेरपिस्ट बाईंचं खरं होतं. त्यांत काही नव्हतं, दादा. मीच घालत होते अर्थ.

आज सकाळी मावशी आल्या होत्या. काम गेलं तरी आल्या, तासभर बाबांचे पाय चेपत बसल्या. जाताना दारात थांबल्या, हळूच म्हणाल्या, "ताई, मी सारखं आठवून बघते. मीच तर दिलं नसेल ना हो पाणी? विसरून?"

मी म्हटलं, "जाऊ द्या मावशी. झालं ते झालं."

त्या डोळे पुसत जिना उतरल्या आणि मी वरून बघत उभी राहिले.

त्यांचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. तूच सांग त्यांना. माझ्याच्याने होत नाही. आजही झालं नाही, त्या तर समोर उभ्या होत्या.

तुझी उरले असेन तर,
ठमी