चोक न ओढणारे अण्णा

अण्णा, आज सकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास आला आणि मी जिना उतरता उतरता थांबले. कोणाची तरी गाडी गळत होती. लोक नाकाला रुमाल लावून पुढे जात होते, मी मात्र तिथेच रेंगाळले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो वास आला की हिमायतनगरचं आपलं घर दिसतं. ओसरीत स्टँडवर लावलेली तुमची जुनी स्कूटर, आणि तिच्याशेजारी उकिडवे बसलेले तुम्ही, हातात कपडे धुण्याच्या साबणाची वडी.

तेव्हा मला बेगमपेठला कंप्युटरच्या कंपनीत नोकरी लागली होती. परदेशातली कामं आपल्याकडे नुकतीच यायला लागली होती, त्यामुळे ऑफिस दुपारी भरायचं आणि सुटायचं तेव्हा बसचा भरवसा नसायचा. तुमची कचेरी पायी जाण्याजोगी, म्हणून स्कूटर मला द्यायची असं ठरलं. मैदानात नेऊन गिअर तुम्हीच शिकवले, लायसन तुम्हीच काढून दिलं. आईने मात्र पाय रोवला. "मला नक्को ती गाडी. पेट्रोल गळणाऱ्या गाडीवर माझी लेक बसणार नाही. गळती थांबवा, नाहीतर नोकरीला नाही म्हणून कळवा." आणि सोमवारी तर रुजू व्हायचं होतं. स्कूटर नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर येणाऱ्या स्थळांपुढे पोह्यांच्या बशा घेऊन जायचं, एवढा सरळ हिशोब होता. मी मनातून हादरले होते.

गळती बुजवायला तुम्ही पेट्रोलच्या नळीच्या जोडावर साबण थापायचात. एखादा दिवस कोरडा जायचा आणि फरशीवर पुन्हा डाग. नळी बदलली, पट्टी आवळली, वर पुन्हा साबण. डाग हटेना. रविवारी मी हट्टाने सगळं फडक्याने पुसून काढलं आणि टाकीच्या तोटीपासून कार्बोरेटरपर्यंत आईची पावडर भुरभुरली, म्हणजे पेट्रोल जिथून निघेल तिथे पांढऱ्यावर ओली रेघ दिसेल. "तोंडाची पावडर ती," आई म्हणाली, पण डबा काही परत मागितला नाही. तोटी उघडली. आपण चहा पितो, वाट बघतो. गाडी कोरडी ठणठणीत. "बघ, साबणाने काम केलं का नाही?" म्हणत तुम्ही उठता, किक मारण्याआधी रोजच्यासारखी गाडी एका अंगावर चांगली वाकवता, क्षणभर धरता, सरळ करता. आणि कार्बोरेटरच्या काठावरून एक रेघ निघते, नळीवरून घरंगळत बरोबर साबणापाशी येते आणि तिथून टपकते. "पुन्हा वाकवा," मी म्हणते. तुम्ही वाकवता. पुन्हा तीच रेघ.

थंड गाडी सुरू करताना चोक ओढला की ती जास्त पेट्रोल पिते, हे तुमचं ठाम मत, आणि एकट्या तुमचंच नव्हे, आपल्या अख्ख्या गल्लीचं. म्हणून चोकऐवजी गाडी वाकवायची, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरू द्यायचं आणि मग किक मारायची. पेट्रोल वाचवायला म्हणून रोज सकाळी आपण ते स्वतःच्या हाताने सांडत होतो, आणि शिव्या मात्र नळीला. स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "मोरीला बोळा नि दरवाजा मोकळा." मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही तिथेच फरशीवर बसलात आणि खोकला येईपर्यंत हसलात. मग वर्षानुवर्षं न ओढल्याने गंजून बसलेली चोकची तार आपण दोघांनी रॉकेल सोडून सोडवली. चोक ओढला, गाडी न वाकवता सुरू झाली, फरशी कोरडी राहिली. आईने फरशीवर हात फिरवून पाहिला, हुंगला आणि कणीक मळायला गेली. त्या घरात होकार असाच मिळायचा.

सोमवारी तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून न विचारता माझ्या मागे बसलात. खैरताबादच्या चौकात माझी गाडी बंद पडली, मागून ऑटोवाला ओरडला, "अम्मा, अब्बा कू गिराते क्या?" तुम्ही वळून त्याला म्हणालात, "हौ मियाँ, नई है, चलने दो." ऑफिसच्या फाटकापाशी उतरलात, "चांगली चालवतेस माय," म्हणालात आणि बस धरायला निघून गेलात.

हे पत्र कुठे पाठवणार? माझ्या लेकीला वाचायला द्यावं तर ती मराठी अक्षरं जुळवत बसते, म्हणून कधीतरी तिला वाचून दाखवीन. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगायची आहे. त्या दिवशी वाटभर तुम्ही मागून माझ्या ओढणीचं टोक मुठीत आवळून धरलं होतंत, अण्णा. तुम्हाला वाटलं, मला कळलं नाही. घाबरले तर मीही होते. पण मागे बसलेला माणूस इतका भ्यालेला असूनही एकदाही "थांब" म्हणत नाही, हे जाणवत होतं, आणि मी गिअर टाकत गेले.