बरणीचं झाकण मी लवकर काढलं

सर,

मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेचं जुनं कपाट रिकामं करताना एका बरणीचं झाकण हातातच निघालं आणि फॉर्मलीनचा वास थेट घशात गेला. आत पांढराफटक, रबरासारखा बेडूक, पोट उघडं. बाहेर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी. तुमच्याच वर्गात मी आता जीवशास्त्र शिकवतो, तरी नळाशी जाऊन ओकलो. परिचर हसला, "सर, तुमाले अजून सवय नाही झाली का जी?"

हल्ली मुलांना मी हे सगळं संगणकावर दाखवतो. आमच्या वेळी चौघांत एक बेडूक, आणि तोही आपणच आणायचा. आमचा मी आणला होता, घरच्या शेतातल्या धानाच्या बांधीतून, ओल्या फडक्यात गुंडाळून. क्लोरोफॉर्मचा बोळा टाकलेल्या बरणीचं झाकण धरून बसायचं कामही माझ्याकडेच. "तो निपचित पडला का मंग शंभर मोज. त्याच्या पयले झाकण काढू नको," तुम्ही बजावलं होतं. मग मेणाच्या ट्रेमध्ये चारी पंजांत टाचण्या. कातडी कापताना ओलं कापड कापल्यासारखा आवाज. आत काळ्या अंड्यांचे पुंजके. ते फुगून बाहेर येतात, माझ्या मनगटाला चिकटतात. "कायले थरथरून राहिला बे? बेडूक हाये, वाघ नाही!" वर्ग हसतो. तुम्ही सुईने धडधडतं हृदय दाखवता, "हे थोडा वेळ चालतेच." आणि तेवढ्यात मागचा पाय टाचणीसकट उपटला जातो. उघड्या पोटाने तो वळू बघतो, अंडी मेणावर फरफटतात.

तुम्ही कात्रीने एका झटक्यात संपवलंत. मग वर्गाला म्हणालात, "क्लोरोफॉर्मची बाटली जुनी होती. चूक माझी हाये." कितीतरी वेळ हात धूत राहिलात. त्या दिवशी डबा उघडला नाहीत. निवृत्त होईपर्यंत मग बरणी तुम्हीच धरत होता, खोकत.

बाटली जुनी नव्हती, सर. त्याने काचेवर टेकलेले पंजे खाली घसरले आणि मला बघवेना. सकाळी वडिलांसोबत पंचशील म्हणून आलो होतो. पहिलंच शील जीव न घेण्याचं. माझ्या हातून तो मरायला नको, म्हणून चाळिसावर झाकण काढलं आणि "शंभर झाले, सर" म्हणालो. मेला तर कात्रीने मरेल, माझ्या झाकणाने नाही, असा तो हिशेब होता. आजही त्या हिशेबाची मला त्या अंड्यांपेक्षा जास्त किळस येते.

तुम्हाला कारध्याच्या स्मशानघाटावर पोचवून आल्यानंतर काही दिवसांनी तुमच्या घरी गेलो होतो, तेव्हा तुमच्या बाई म्हणाल्या, "शेवटी शेवटी एकच बोलत. त्या बेडकाले म्या जित्ता फाडला म्हनत." मी मान हलवली, आणि त्यांनी पुढे केलेला चहा प्यालो.

बाई अजून त्याच घरात आहेत. हे पत्र त्यांना वाचून दाखवता येईल, सायकलने दहा मिनिटांची वाट आहे. मी जाणार नाही. ती बरणीसुद्धा मी परिचरालाच पुरायला लावली.