तांबड्या पट्ट्याचा की पिवळ्या पट्ट्याचा

नांदेड
शनिवार, दुपार

चि. श्रीनाथ यास उज्वलाअक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडं आम्ही खुशाल आहोत. म्हणजे मी खुशाल आहे, आणि तुझे दाजी दोन वेळा जेवून राहिलेत, त्याला खुशाली म्हणायचं असेल तर तेही खुशाल आहेत. तुझी कंबर कशी आहे? लग्नसराईत स्टुलावर चढून अक्षता पडतानाचे फोटो काढायचं वय आता राहिलं नाही रे बाबा. राजश्रीला म्हणावं, लसणाचं तेल गरम करून चोळून दे, आणि तूही मुकाट्यानं चोळून घे, वास येतो म्हणून पळू नकोस. लातूरला नळाला पाणी किती दिवसांनी येतंय? आमच्याकडं ऊन असं की गच्चीवर पापड घालून खाली येईस्तोवर पहिली रांग वाळलेली असते.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तू म्हणशील. फोन केला असता, पण तुझ्या दाजींचा एक कान सदा माझ्या फोनला असतो, आणि तुझं नुसतं नाव ऐकलं तरी ते चष्मा घेऊन शेजारी येऊन बसतात. मागच्या वेळी तू फोन केलास तो आपल्या मामांचं पायाचं हाड मोडल्याचं सांगायला, आणि बोलणं संपलं ते शटरच्या वेगावर. मामांचा कोणता पाय मोडला, हे मला अजून कळलेलं नाही. (डावा असेल तर कळव, उजवा असेल तरी कळव.)

तर विषय तोच, कॅमेऱ्याचा. हे सगळं तुझ्यामुळं झालंय, म्हणून निस्तरायचंही तूच. विसरला असशील तर पहिल्यापासून सांगते.

आमचे सासरे शेषेराव गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो निघाला नाही. शेवटी मतदानाच्या ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो मोठा करून चौकट केली. तू पाहिलीयेस ती उमरीच्या घरात. आयुष्यात ज्यानं कुणाच्या बांधावरची काडी उचलली नाही, तो माणूस त्या फोटोत गुन्हा कबूल करून बसल्यासारखा दिसतोय. गेल्या वर्षी पितृपंधरवड्यात पान वाढून झाल्यावर तुझे दाजी त्या चौकटीपुढं किती वेळ उभेच राहिले. मग मला म्हणाले, आईचं असं होऊ द्यायचं नाही. तिचा फोटो ती धडधाकट आहे तोवर चांगल्या कॅमेऱ्यानं, मी स्वतः काढणार. हे ऐकून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. उशीर करायची गोष्ट नाही, हे मलाही पटलं.

मग दसऱ्याला तू सोनं द्यायला आलास. ह्यांनी तुला मोबाइलवर दोन कॅमेरे दाखवले, नवशिक्यांसाठीचे, दोन कंपन्यांचे, एकाचा पट्टा तांबडा, एकाचा पिवळा. विचारलं, कोणता घेऊ? आणि तू, वीस वर्षं लातुरात फोटो स्टुडिओ चालवणारा माझा सख्खा भाऊ, श्रीखंडाची वाटी चाटत म्हणालास, "दाजी, दोन्ही चांगलेच आहेत." एवढं बोलून तू संध्याकाळच्या बसनं निघून गेलास. तुझं काय रे, उंटावरून शेळ्या हाकल्यास. इथं घोडं अडलं ते अडलंच.

तुझे दाजी रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाले, पण तीस वर्षं त्यांनी तौलनिक तक्ते केले, ती सवय काही निवृत्त झाली नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी घेऊन तक्ता आखला. डावीकडं तांबडा, उजवीकडं पिवळा. मेगापिक्सेल, लेन्स, बॅटरी, वजन, अंधारातला फोटो, उजेडातला फोटो. पहिल्या दिवशी नऊ रकाने होते. बेरीज केली तर तांबडा एका गुणानं पुढं. मी म्हटलं, झालं, घ्या. तर म्हणाले, एका गुणानं निर्णय होत नसतो, आणि दहावा रकाना आखला. त्यात पिवळा पुढं गेला, म्हणून अकरावा. आज एकेचाळीस रकाने आहेत. त्यांत "पट्ट्याचा रंग उतरेल काय" हा एक आहे आणि "दुकानदाराची वागणूक" हा एक. दोघांचा दुकानदार एकच आहे, हे मी दाखवून दिलं तेव्हा ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

त्या दुकानदाराचीही तुला कीव येईल. वजिराबादेतलं दुकान आहे. पहिल्या खेपेला त्यानं थंड मागवलं. दुसऱ्या खेपेला चहा. तिसऱ्या खेपेला पाणी, चौथ्यापासून नुसतं "या". सहाव्या खेपेला तो म्हणाला, काका, तुम्ही बसलाच आहात तर जरा गल्ल्याकडं लक्ष ठेवा, मी जेवून येतो. तो गेला आणि एक गिऱ्हाईक आलं, देगलूरकडचा कुणी मास्तर होता. ह्यांनी त्याला तक्ता उघडून पाऊण तास समजावलं. तो मास्तर हात जोडून उठला आणि समोरच्या दुकानातून मोबाइल घेऊन गेला.

आणि माझी काय फजिती केली ते ऐक. दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच माणसाचा फोटो काढून ताडून बघायचा म्हणून मला इरकल नेसवून दुकानाच्या पायरीवर उभं केलं. भर बाजार, समोर भाजीच्या गाड्या, आणि मी पदर सावरून उभी. तांबड्यानं काढलेल्या फोटोत मी बरी गोरी आले. पिवळ्यात जरा सावळी, म्हणजे जशी आहे तशी. मग दोघांनी ते फोटो संगणकावर असे मोठे केले की पडदाभर नुसतं माझं नाक! नाकावरचा तीळ कोणत्यात जास्त स्पष्ट येतो, यावर तुझे दाजी आणि तो दुकानदार माझ्यादेखत वाद घालून राहिले. दारात थांबलेली एक बाईसुद्धा म्हणाली, पिवळ्यातला तीळ खरा वाटतो. तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्या तोंडाकडं एवढं निरखून कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते तुलनेसाठी.

संक्रांतीपासून मात्र दुकानात जाणं थांबलं. मी म्हटलं, दुकानदारानंच पाया पडून सांगितलं असेल. पण उमरीची वारी काही थांबली नाही. दर रविवारी सकाळच्या गाडीनं हे तक्ता आणि माझ्या नाकाचे फोटो पिशवीत घालून आईकडं जातात. कारण फोटो तिचा, तर पसंतीही तिचीच. (आमचे धाकटे दीर भागवत तिथंच असतात, शेती बघतात. ते म्हणतात, दादा येणार म्हणून आई शनिवारपासूनच दारात झाडू मारून ठेवती.) आणि सासूबाईंची पसंती म्हणजे तुला काय सांगू. ह्यांनी तांबडा बरा म्हटलं की त्या म्हणतात, ह्यात सून पांढरीफेक दिसती, भूतावानी. पुढच्या रविवारी पिवळा नक्की करून जावं, तर म्हणतात, ह्यो हातात जड लागंल. ज्या बाईनं अजून मोबाइल उलटा धरायचं सोडलं नाही, तिनं मागच्या महिन्यात विचारलं, बॅटरी किती फोटूला पुरती? हे संध्याकाळी घरी येतात ते नवा रकाना घेऊनच.

सात महिने झाले, श्रीनाथ. मी बेजार झाले. घरात बोलायला दुसरा विषय नाही. आणि विनोदाचा भाग सोड, मला भीती वाटून राहिली. मागच्या महिन्यात सासूबाईंना दोन दिवस ताप होता. तेवढ्या दोन दिवसांत मी त्या ओळखपत्राच्या चौकटीशेजारी तसलीच दुसरी चौकट डोळ्यांपुढं आणून बसले होते. तेव्हा अक्काची आज्ञा समज. एका पोस्टकार्डावर एकच शब्द लिही, तांबडा किंवा पिवळा. डोळे मिटून लिही. खाली स्टुडिओचा शिक्का मार, म्हणजे ह्यांना सरकारी वाटेल. उद्या मीही ह्यांच्यासोबत उमरीला चाललेय, आल्यावर पत्र टपालात टाकते.

राजश्रीस आशीर्वाद.

तुझी
उज्वलाअक्का

ता. क. (सोमवार) : वरचं पोस्टकार्ड लिहू नकोस. इथवर वाचून लिहायला घेतलं असशील तर फाडून टाक.

काल उमरीला जेवणं झाल्यावर हे आणि भागवत भाऊजी शेताकडं गेले. मी आणि सासूबाई अंगणात चिंचा फोडत बसलो होतो. मी जरा चिडूनच म्हटलं, आत्याबाई, एकदाचं काहीतरी पसंत करा, तुमचाच फोटो आहे. त्यांनी आधी भिंतीपलीकडं कुणी नाही ना ते बघितलं. मग म्हणाल्या, "उज्वला, मला त्यातलं काय कळतंय माय? पर मागं त्यो दिवाळीला यायचा अन् पोळ्याला यायचा. तेबी घड्याळाकडं बघत. आता दर ऐतवारी येतंय. माज्यापाशी बसतंय. इच्यारतंय, आई, कोणता बरा? म्हातारीला कोन काय इच्यारतंय गं? कॅमेरा घेतला, फोटू काढला, का झालं की त्याचं काम."

माझ्या हातातली चिंच हातातच राहिली. वर आणि मलाच दम दिला, माझ्या शरदला बोललीस तर बघ. तेव्हा तू कुणाचीच बाजू घेऊ नकोस. तुला ते जमतं.

ता. क. दुसरा (बुधवार) : पत्र अजून टाकलं नाही ते बरंच झालं.

आज उन्हात गोधड्या धुवायला काढल्या. दिवाणाच्या कप्प्यात अगदी तळाशी एक खोका निघाला. कॅमेरा. पिवळा. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नाही. बिल संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाचं, त्याच वजिराबादच्या दुकानाचं. म्हणजे चार महिने कॅमेरा माझ्या गोधड्यांखाली, आणि हा माणूस दर रविवारी पिशवीत तक्ता घालून आईला विचारायला जातोय, कोणता घेऊ? मी तिथंच दिवाणावर बसून रडले. थोडं रागानं, पण जास्त मायेनं. फोटो काढला की चौकट आली, आणि चौकटीचा अर्थ ह्यांना त्या पितृपंधरवड्यातच कळला असणार. ती तयारी ह्यांच्यानं होत नाही. खोका होता तसा ठेवलाय, वर गोधड्या अर्धवट वाळलेल्याच घातल्यात. ह्यांना विचारणार नाही.

आता खरं काम सांगते. दोन कामं आहेत. एक, मधल्या वारी, कंबर बरी झाली की, तुझा स्वतःचा कॅमेरा घेऊन गुपचूप उमरीला जा. सासूबाईंचा छान हसरा फोटो काढ. भागवत भाऊजींना मी फोनवर सांगून ठेवते, त्या दोघांच्याही पोटात गोष्ट राहते. फोटो लातूरला तुझ्याकडंच कुलपात ठेव, लागेल तेव्हा मागू, देवाच्या दयेनं लवकर लागू नये. दुसरं, दाजींना फोन करून सांग की आता आरसा नसलेले, ते मिररलेस का काय म्हणतात ते, कॅमेरे निघालेत, त्यांचा विचार केल्याशिवाय घाई करू नका. एका नव्या पट्ट्याचे एकेचाळीस रकाने म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंतची सोय झाली.

ता. क. तिसरा, आणि हा राजश्रीलाही दाखवू नकोस : आमची साक्षी पुण्याला नोकरीला लागल्यापासून वर्षात एकदा येते, तेही परतीचं तिकीट काढूनच. मामाचं ती ऐकते. तिच्याशी बोलणं झालं की सहज सांग, तुझ्या आईला नवा फ्रिज घ्यायचाय, दोन बघून ठेवलेत, पण तुझ्याशिवाय ठरत नाही म्हणते. आमचा फ्रिज उत्तम चालू आहे. ते सांगायची गरज नाही.